साडेसहा डझन संत्री: गच्चीवरून गुरू दाखवताना ग्रह आणि तारा यांतला फरक कसा समजावायचा

सामान आधी सांगते. हातात धरायची दुर्बीण, १० बाय ५० ची मिळाली तर उत्तम. एक वाटाणा. एक काबुली चणा. एक मेणबत्ती आणि काचेचा पेला. थोडा पिंजलेला कापूस. आणि ७८ संत्री, म्हणजे बरोब्बर साडेसहा डझन. संत्र्यांचा आकडा वाचून हसू नका, अख्खा खेळ त्याच आकड्यावर उभा आहे. संत्री महाग असतील तेव्हा लिंबं घ्या, कांदे घ्या. फक्त सगळी साधारण एका मापाची बघा.

मी नागपुरात मानेवाड्याला आठवी-नववी-दहावीच्या मुलांची गणित-विज्ञानाची शिकवणी घेते. थंडीत महिन्यातून एकदा आमच्या गच्चीवर आकाश बघायचा कार्यक्रम असतो. वीस-पंचवीस पोट्टे येतात, त्यातले निम्मे दुर्बिणीसाठी आणि निम्मे चिवड्यासाठी. तुमच्याही कॉलनीत असं काही करायचं असेल तर माझ्या चुका तुमच्या कामी येतील.

एप्रिल-मे मध्ये हे करूच नका. दिवसभर भाजलेला स्लॅब रात्री उशिरापर्यंत झळा सोडत असतो आणि दुर्बिणीतला गुरू तापल्या तव्यावरच्या थेंबासारखा थरथरतो. पावसाळ्यात आभाळच नाही. दिवाळी ते होळी हा आपला हंगाम. त्या वर्षी गुरू संध्याकाळी वर आहे की नाही ते पंचांगात नाहीतर मोबाइलवर बघून ठेवा, कारण तो दर वर्षी साधारण महिनाभर उशिरा समोर येतो. अगदीच जमलं नाही तर गांधीसागरासमोरच्या रमण विज्ञान केंद्राच्या तारांगणात मुलांना नेऊन आणा आणि संत्र्यांचा भाग घरी करा.

सुरुवातीला गुरू बोटानं दाखवू नका. मुलांना सांगा, सगळ्यात ठळक ठिपक्यांपैकी न लुकलुकणारा शोधा. तारे इतके दूर आहेत की ते आपल्याला निव्वळ बिंदू दिसतात आणि हवेच्या हालचालीनं तो बिंदू डळमळतो. गुरू जवळ आहे, त्याची छोटीशी चकती आहे. चकतीच्या एका भागाचा प्रकाश हलला तरी दुसरा भाग सांभाळून घेतो, म्हणून तो शांत दिसतो. मग कोपर कठड्यावर टेकवून दुर्बिणीतून बघायला लावा. बाजूला एका रेषेत दोन-तीन, नशीब असेल तर चार बारीक ठिपके दिसतील. हे गुरूचे चंद्र, गॅलिलिओनं जानेवारी १६१० मध्ये पाहिलेले.

इथे कोणीतरी म्हणेल, "चार चांदण्या!" रागावू नका. घोळ आपल्या भाषेतच आहे. शुक्र हा ग्रह, तरी आपण म्हणतो शुक्राची चांदणी. चमकलं की चांदणी, एवढाच हिशेब.

मग मुलं पुस्तकातलं वाक्य फेकतील: तारे स्वयंप्रकाशित, ग्रह परप्रकाशित. परीक्षेत याला पूर्ण मार्क द्या, गच्चीवर मात्र अर्धेच. गुरूचा जो उजेड आपल्याला दिसतो तो सूर्याचा, हे खरं. पण गुरू सूर्याकडून जेवढी उष्णता शोषतो त्यापेक्षा जास्त बाहेर टाकतो. ती त्याची स्वतःची आहे: जन्मताना आकसून तापला, ती ऊब अजून सुटते आहे आणि तो अजूनही किंचित किंचित आकसतो आहे. मेमधल्या स्लॅबसारखंच. सूर्य मावळल्यावरही स्लॅब उष्णता देतो, म्हणून आपण त्याला चूल म्हणत नाही. चूल आणि तापलेला स्लॅब यांतला फरक हाच आजच्या रात्रीचा विषय.

आता एक संत्रं उचला. सात सेंटिमीटरचं संत्रं म्हणजे सूर्य धरला, तर गुरू होतो वाटाण्याएवढा, आणि तो ठेवायचा ३९ मीटरवर. आमच्या गल्लीत तो चौथ्या घराच्या फाटकाशी जातो. पृथ्वी खसखशीच्या दाण्याहूनही लहान, साडेसात मीटरवर. मुलांना चालत जाऊन ठेवू द्या, पायांना कळलेलं अंतर डोक्यात टिकतं. मग काबुली चणा काढा आणि म्हणा, हा प्रॉक्सिमा सेंटॉरी, सूर्याला सगळ्यात जवळचा तारा. हा नेऊन ठेवायला तुम्हाला दोन हजार किलोमीटर जावं लागेल.

वाटाणा आणि काबुली चणा शेजारी-शेजारी ठेवा आणि थोडं थांबा. एखादी चुणचुणीत मुलगी विचारतेच: मॅडम, दोघंही जवळपास सारखेच, मग एक ग्रह आणि एक तारा कसा?

इथे मला माझे बाबा आठवतात. ते संत्र्याचे अडत्ये होते, पूर्वी स्टेशनजवळच्या संत्रा मार्केटात, नंतर कळमन्याला. नागपुरी संत्र्याची साल सैल. काही फळं टम्म फुगलेली दिसतात, हातात घेतली की पोकळ लागतात. शेजारचं बारकं फळ रसानं गच्च भरलेलं असतं. लहानपणी मी मोठी मोठी वेचून काढायचे तेव्हा ते म्हणायचे, "डोयानं नोको पाहू पोरी, हातानं पाह्य." आकार नाही, वजन. ग्रह-ताऱ्यांच्या बाबतीत याहून नेमकं कोणी मला काही शिकवलेलं नाही, आणि बाबांना गुरूचे चंद्र किती हेही माहीत नव्हतं.

आता संत्र्याचा अर्थ बदला, आणि हे ठणकावून सांगा, नाहीतर मागचा मुलगा शेवटपर्यंत गोंधळलेला राहतो. मघाशी संत्रं म्हणजे सूर्य होता. आता एक संत्रं म्हणजे एक गुरू, आणि तोही वजनाचा, मापाचा नव्हे. या हिशेबात शनी म्हणजे दहा फोडींच्या संत्र्यातल्या तीन फोडी. नेपच्यून अर्धी फोड. आपली पृथ्वी गुरूच्या तीनशे अठरावा हिस्सा, एका फोडीतले रसाचे दोन-चार दाणे. आणि सूर्य? १,०४७ संत्री. सत्त्याऐंशी डझन आणि वर तीन. एवढी मी आणत नाही, रिकामे क्रेट दाखवून भागवते.

मधली पायरी महत्त्वाची. एकेक संत्रं रचत जा आणि मुलांना मोठ्यानं मोजायला लावा. तेरा झाले की थांबा. मग पुढे थेट अठ्ठ्याहत्तरपर्यंत. तेराला काहीतरी होतं आणि पंचाहत्तर-ऐंशीच्या दरम्यान फार मोठं काहीतरी होतं. ७८ हा आकडा मी सोयीसाठी धरते, कारण साडेसहा डझन पटकन लक्षात राहतं. खरी सीमा त्या गोळ्यात काय-काय मिसळलंय त्यावर थोडी पुढेमागे होते.

हा आकडा मला माझ्या एका विद्यार्थ्यानं शोधायला लावला. काही वर्षांपूर्वी मी याच गच्चीवर ऐटीत म्हटलं होतं, "गुरू म्हणजे नापास झालेला तारा." हे वाक्य सगळीकडे ऐकू येतं, मीही ऐकूनच शिकले होते. त्या वर्षी नववीत नापास झालेला एक मुलगा कठड्याला टेकून उभा होता. त्यानं विचारलं, "कितीनं फेल झाला मॅडम तो?"

मला सांगता येईना. घरी जाऊन वाचलं, हिशेब केला. तारा म्हणून पास व्हायला ३५ मार्क, म्हणजे ७८ संत्री लागतात असं धरलं, तर एका संत्र्याच्या गुरूला पडतो जेमतेम अर्धा. पुढच्या वेळी मी त्याला हे सांगितलं. तो थोडा वेळ गप्प राहिला आणि म्हणाला, "मंग तो पेपरलेच बसला नसन."

पोरगा बरोबर होता, आणि का बरोबर होता हे समजायला मला आणखी एक थंडी लागली. तारा जन्मतो तो वायू आणि धुळीचा ढग स्वतःच्या वजनानं कोसळून. गुरू तसा जन्मला नाही. सूर्य तयार होताना त्याच्याभोवती जी चकती फिरत होती तिच्यात बर्फ, दगड, धूळ एकत्र येत आधी एक जड गाभा झाला आणि मग त्या गाभ्यानं भोवतालचा हायड्रोजन आणि हेलियम ओढून घेतला. म्हणून गुरूत जड मूलद्रव्यांचं प्रमाण सूर्याच्या मानानं जास्त आहे. डिसेंबर १९९५ मध्ये गॅलिलिओ यानानं सोडलेली कुपी गुरूच्या ढगांत शिरली, सुमारे ५८ मिनिटं माहिती पाठवत राहिली आणि मग दाब-उष्णतेपुढे संपली. तिलाही कार्बनसारखी द्रव्यं सूर्यापेक्षा काही पट जास्त सापडली. २०१६ पासून गुरूभोवती फिरणाऱ्या जुनो यानाच्या मोजमापांवरून तो गाभा फळातल्या बियेसारखा टणक नसून बराच आत-बाहेर विरघळलेला दिसतो. तर गुरूचं घराणंच वेगळं. तेव्हापासून "नापास तारा" हे शब्द माझ्या गच्चीवर बंद.

मग कापूस घ्या. वजनानं नक्की काय होतं ते याच्याशिवाय कळत नाही, आणि इथेच सगळे घाई करतात. परातीत पिंजलेल्या कापसाचा ढीग करा. अजून कापूस घाला, ढीग वाढतो. अजून घाला, आता खालचा थर दबायला लागतो. घालतच राहिलात तर एक वेळ अशी येते की वर जेवढं पडतं तेवढं खाली दबतं आणि ढिगाची उंची वाढतच नाही. गुरू जवळजवळ याच अवस्थेत आहे. त्यात आणखी तीस, चाळीस, सत्तर गुरूंचं द्रव्य घातलं तरी गोळा साधारण गुरूएवढाच राहतो, नुसता गच्च होत जातो. २०१७ मध्ये जाहीर झालेला एक तारा तर आकारानं शनीएवढा आहे आणि वजनानं सुमारे ८५ संत्री. त्याचं नाव आपल्या एमएच-३१ च्या गाडीनंबरासारखं आहे: ईबीएलएम जे०५५५-५७एबी. मुलांना पाठ करायला लावू नका.

दाबलं की तापतं. सायकलच्या पंपाचं तोंड हवा भरल्यावर हाताला लागतं, तसंच. गोळा जितका जड, तितका मध्यभाग तापणार. सूर्याच्या केंद्रात दीड कोटी अंश आहेत. तिथे हायड्रोजनची केंद्रकं इतक्या जोरानं आदळतात की एकमेकांना दूर ढकलण्याचा त्यांचा स्वभाव मागे पडतो आणि चार हायड्रोजनमागे एक हेलियम तयार होतो. याला संमीलन म्हणतात. तयार झालेला हेलियम त्या चारांपेक्षा किंचित हलका भरतो आणि जी घट येते तिची ऊर्जा होते. सूर्यात दर सेकंदाला सुमारे ६० कोटी टन हायड्रोजन असा लागतो आणि त्यातलं ४० लाख टन वस्तुमान उजेड-उष्णता होऊन निघून जातं. अगदी हलक्या ताऱ्यालासुद्धा ही चूल पेटती ठेवायला केंद्रात साधारण ३० लाख अंश लागतात. गुरूच्या केंद्रात अंदाजे २० हजार.

मुलं विचारतील, मग हलका गोळा आणखी आकसत का नाही, म्हणजे आपोआप तापेल? माझ्या मते हा सगळ्यात उत्तम प्रश्न, आणि विचारला नाही तर तुम्हीच विचारा. आकसणं एका जागी अडतं, कारण इलेक्ट्रॉन एसटीतल्या प्रवाशांसारखे नसतात. एसटीत तिघांच्या सीटवर चौथा "थोडं सरका ना भाऊ" म्हणत टेकतोच. इलेक्ट्रॉनांच्या एका जागेवर फार तर दोन, तिसऱ्याला मुळीच जागा नाही. १९२५ मध्ये वुल्फगांग पाउलीनं हा नियम मांडला. फार दाबलं की या नियमातूनच उलटा दाब तयार होतो, आणि त्याला उष्णतेची गरज नसते. गोळा थंड झाला तरी इलेक्ट्रॉन हटत नाहीत. म्हणून पुरेसं वजन नसेल तर आकसणं चूल पेटायच्या आधीच थांबतं, आणि मग उरते फक्त थंड होत जाण्याची वाट.

नेमकं किती वजन लागतं याचं गणित १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला शिव कुमार या भारतात जन्मलेल्या खगोलशास्त्रज्ञानं अमेरिकेत मांडलं. त्यांचं उत्तर होतं, सूर्याच्या साधारण सात टक्के. १,०४७ संत्र्यांचे सात टक्के काढायला मुलांना सांगा. त्र्याहत्तर येतात. साठ वर्षांनंतरही आपण त्याच आकड्याच्या आसपास आहोत.

या आकड्याच्या खालच्या, म्हणजे तेरा ते अठ्ठ्याहत्तरमधल्या गोळ्यांना कुमारांनी काळे बटू म्हटलं होतं. १९७५ मध्ये जिल टार्टर या खगोलशास्त्रज्ञ बाईंनी तपकिरी बटू हे नाव दिलं आणि तेच रुळलं. यांच्यात साधा हायड्रोजन टिकून पेटत नाही. पण तेराच्या वर गेलं की ड्युटेरियम, म्हणजे जड हायड्रोजन पेटतो, त्याला दहा लाख अंशांच्या आसपास भागतं. मात्र हायड्रोजनच्या लाख अणूंमागे तो दोन-तीनच. म्हणजे चुलीत लाकूड नाही, नुसती वाळकी पानं टाकली. भडका होतो, थोडा वेळ ऊब येते, संपलं. तुमच्या रचलेल्या संत्र्यांत तेराव्यापाशी एक खडूची रेघ मारा आणि शेवटच्यापाशी दुसरी. खाली ग्रह, मध्ये तपकिरी बटू, वर तारे. प्रॉक्सिमा, तो काबुली चणा, सुमारे १२८ संत्र्यांचा आहे, म्हणून तारा.

काडीचा प्रश्न येणारच. आमच्याकडे दर वर्षी येतो: "गॅस हाय ना मॅडम त्याच्यावर? मंग काडी लावली तं?" मेणबत्ती पेटवा आणि वर पेला पालथा घाला. विझते. जळायला ऑक्सिजन लागतो आणि गुरूवर तो मोकळा नाही. आणि ताऱ्यातली आग ही जळणं नव्हेच, तिला काडी नाही, वजन लागतं. जुलै १९९४ मध्ये शूमेकर-लेव्ही ९ या धूमकेतूचे तुकडे गुरूवर आदळले, पृथ्वीहून मोठे काळे डाग पडले, गुरू पेटला नाही. सप्टेंबर २००३ मध्ये गॅलिलिओ यान मुद्दाम गुरूत बुडवलं, तेव्हा त्यातल्या प्लुटोनियमनं गुरूचा तारा होईल अशी हूल उठली होती. दुसऱ्या दिवशी गुरू जागच्या जागी.

तापमानावरून ओळखायचा मोहही मोडून काढा. १९९५ मध्ये मिशेल मेयर आणि दिदिए केलो यांनी भाद्रपदांच्या चौकोनाजवळच्या ५१ पेगासी या ताऱ्याभोवती एक ग्रह शोधला. गुरूच्या जातीचा, पण ताऱ्याला इतका चिकटलेला की सव्वाचार दिवसांत फेरी मारतो आणि हजारेक अंशांवर भाजतो. उलट २०१४ मध्ये सापडलेला वाइझ ०८५५ हा सात-साडेसात प्रकाशवर्षांवरचा एकटा गोळा पाणी गोठण्याच्या तापमानाच्या आसपास आहे. आपला मे महिना त्याच्याहून कितीतरी गरम!

गुरू बघून झाला की मान वळवून कृत्तिका दाखवा. तो झुबका सगळ्यांना सापडतो. १९९५ मध्ये त्याच झुबक्यात तेइदे १ हा पहिल्या खात्रीच्या तपकिरी बटूंपैकी एक मिळाला. तो डोळ्यांना दिसणार नाही, पण मुलांना बोट दाखवायला जागा मिळते. त्याला ओळखलं ते लिथियमवरून. तारा आतला लिथियम लवकर संपवून टाकतो, हलक्या बटूकडे तो शिल्लक राहतो. लिथियम दिसला म्हणजे चूल नीट पेटलेली नाही. त्याच वर्षी मृगाच्या पायाखाली, शशक तारकासमूहात ग्लीझ २२९ बी हा दुसरा तपकिरी बटू सापडला. त्याच्या वातावरणात मिथेन होता, जो ताऱ्यांच्या उष्णतेत तगत नाही, गुरूवर मात्र असतो. गंमत पुढे आहे. २०२४ मध्ये कळलं की तो एक नाही, दोन आहेत, बारा दिवसांत एकमेकांभोवती फिरणारे, एक साधारण ३८ संत्र्यांचा आणि दुसरा ३४ चा. इतकी वर्षं सगळे त्यांना एकच समजून तोलत होते.

शेवटी कोणीतरी तुमची खडूची रेघच पुसायला बघेल. एखादा गोळा ताऱ्याभोवतीच्या चकतीत जन्मला पण वजन चौदा भरलं तर? किंवा ढग कोसळून एकटाच जन्मला आणि दहाच भरला तर? वाइझ ०८५५ बहुधा तसाच आहे, तीन ते दहा संत्र्यांचा, आणि त्याला कोणाभोवती फिरायचंच नाही. वजनाकडे बघणारे एक म्हणतात, जन्माकडे बघणारे दुसरं म्हणतात. मी स्वतः जन्माच्या बाजूची आहे, त्या नववीतल्या पोरामुळे. पण खगोलशास्त्रज्ञ कामापुरती तेराचीच रेघ धरतात आणि मुलांना दोन्ही बाजू सांगून वाद घालू देणं बरं. आमच्याकडे हा वाद जिन्यातून खाली उतरेपर्यंत चालतो.

संत्री वाटून टाका, माणशी तीन येतात. साली गोळा करायला आधीच दोघांना नेमा. गेल्या वर्षी मी विसरले आणि सकाळी गच्चीवर माकडांनी सगळी सूर्यमाला खाली अंगणात टाकून ठेवली होती.